काठीवरची ओल

प्रिय वन्सं,

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातली ती सकाळ आठवते का तुम्हाला? मी तांदूळ धुतले आणि ते पाणी सरळ मोरीत ओतलं. मी नांदेडची, कॉन्व्हेंटात शिकलेली. आमची गल्ली उतरली की गोदावरीच. तांदळाच्या धुवणाचं आणखी काही करायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. तुम्ही शाळेला निघाला होतात. चपला घालता घालता थांबलात, मोरीकडे बघितलंत आणि म्हणालात, "कॉन्व्हेंट, या घरात पाण्याला नंबर असतात. संध्याकाळी आल्यावर शिकवते."

मी दिवसभर धास्तावलेली. संध्याकाळी चहा झाल्यावर तुम्ही मला परसात नेलंत आणि चार बादल्या ओळीने मांडल्यात. एक नंबर पिण्याचं. दोन नंबर धान्य-भाजी धुतलेलं, ते भांड्यांच्या पहिल्या हाताला. तीन नंबर फरशीला. चार नंबर झाडांना. मी विचारलं, "आणि पाच नंबर?" तुम्ही चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणालात, "पाच नंबरचं पाणी लातूरला येत नाही. ते तुमच्या नांदेडलाच असतं."

तेव्हा मला कळलं की या बाईशी आपलं जमेल.

आज पत्र लिहायला बसले, कारण परवा तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या. शाळेच्या छपराचं पाणी आता जमिनीत मुरवणार आहेत, आणि त्या खड्ड्याला तुमचं नाव देणार आहेत. येत्या रविवारी कार्यक्रम आहे. पत्रिका छापूनसुद्धा झाली. वर आपल्या घराचा फोटो आणि खाली ओळ: 'या घराने तो सबंध उन्हाळा छपरावरच्या पाण्यावर काढला.' त्या उन्हाळ्याबद्दल मी चार शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा आहे.

वन्सं, ती ओळ खोटी आहे. ती खोटी मी केली, आणि हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

तुम्ही होतात तोवर जमलं नाही. आता रविवारला चार दिवस आहेत आणि मला कुठूनच वाट दिसत नाही. बोलले तर तुमचं नाव जातं. गप्प बसले तर काय जातं, तेही सांगते. आधी सगळं क्रमाने सांगू दे.

भूकंपानंतर तुम्ही शिक्षकांच्या तुकडीबरोबर भाकरी आणि चादरी घेऊन त्या गावांत गेलात. दोन आठवड्यांनी परत आलात. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम म्हणालात, "तिथली एक भरलेली विहीर कोरडी पडली गं. आणि शेजारच्याच्या कोरड्या विहिरीला पाणी आलं. खाली कुठली फट कुठे उघडली, कोण सांगणार?" माणसांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. विहिरींबद्दल बोललात. भूगोलाच्या बाई तुम्ही, तेवढंच तुम्हाला बोलता आलं असेल.

त्यानंतर तुम्ही बदललात. छपराला पन्हळ लागली, परसात जमिनीखाली हौद झाला. हौद भरून वाहिला की जादा पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यात सोडायचं, म्हणजे ते मुरेल. हौदात उतरवायला एक बांबूची काठी, तिच्यावर चाकूने विती कोरलेल्या. रोज सकाळी काठी आत सोडायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि वहीत टिपायचं. हे म्हणायचे, "आमच्या घरी देवाआधी हौदाची पूजा असते." तुम्ही म्हणायचात, "मग फुलं आण की."

दरवर्षी शाळेत झाडांचा ट्रक यायचा, ते आठवतं? वरून हुकूम असायचा, इतकी रोपं लावा, फोटो पाठवा. मागच्या वर्षीचे खड्डे तसेच असायचे, रोपं तेवढी नवी. तुम्ही मुख्याध्यापकांना सांगितलंत, "मी अकरा लावणार. अकरा झाडांपुरतंच चार नंबरचं पाणी आहे माझ्याकडे." तुम्हाला कारणे दाखवा नोटीस आली. ती तुम्ही वहीत चिकटवून ठेवलीत. त्या अकरापैकी सात झाडं अजून शाळेच्या भिंतीशी उभी आहेत. ट्रकमधलं एकही नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फाटकाजवळचा कडुनिंब सरकारी आहे आणि चांगला वाढलाय. तुम्हाला त्याचा थोडा राग होता, खरं ना?

मग क्लासेसचे दिवस आले. आपल्या गल्लीत कुणाचंच घर घर म्हणून उरलं नाही. मुलं बीडहून, परभणीहून, धर्माबादहून येऊ लागली. शेजारच्या मोकळ्या जागेवर चाकूरकडचे गुणवंतराव आले. आधी त्यांनी एक मजला बांधला, मग चार, आणि दारावर 'मुलींचे वसतिगृह' अशी पाटी लागली. बोअर घेणारी गाडी आली तेव्हा आपल्या भांड्यांची फळी दोन दिवस थरथरत होती. मला भूकंपच आठवला.

गुणवंतराव माणूस मोकळा. कुंपणाशी उभं राहून म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी मुरवायचं अन् म्या उपसायचं. झ्याक जमलं की आपलं."

तुम्ही म्हणालात, "मग छप्पर तरी द्या तुमचं. एवढी मोठी गच्ची आहे. पाइप मी जोडून देते."

"गच्चीवर पोरींचे कपडे वाळत्यात, बाई."

"पाऊस पडत असताना?"

त्यावर ते हसत आत गेले. पाइप काही आला नाही.

आपण बोअर घेतली नाही. माझ्या लेकीने, मुक्ताने, पुण्याहून किती वेळा सांगितलं, "आत्या, सगळे घेतायत." तुम्ही तिला म्हणालात, "म्हणून तर." मी तुमच्या बाजूने होते. पण मनात यायचं, आपण एका घराने नाही म्हटल्याने खालच्या पाण्याला कळणार तरी आहे का? ते आपल्या कुंपणाशी थोडंच थांबतं? हा प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नाही. तुमच्याकडे उत्तर नसेल, अशी भीती वाटायची.

आणि मग तो उन्हाळा. शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो. हे जाऊन वर्ष झालं होतं, घरात आपण दोघीच. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नव्हतं. क्लासेसनी मुलं गावी पाठवली. आणि नेमक्या त्याच फाल्गुनात तुम्ही न्हाणीत घसरलात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तुम्ही पलंगावर आलात. काठी माझ्याकडे आली. वही तुमच्या उशाशी राहिली. मी परसातून येऊन आकडा सांगायचा, तुम्ही तो लिहायचात.

चैत्राच्या शेवटी एका सकाळी काठी जेमतेम एक वीत ओली आली. मी आत आले. रात्रभर दुखण्याने तुमचा डोळा लागला नव्हता, चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. तुम्ही विचारलंत, "किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन."

एवढंच होतं ते. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून दोन वितींचं खोटं. शाळेत आम्हाला सिस्टर सांगायच्या की खोटं लहान नसतं, ते फक्त तरुण असतं. आम्ही मुली हसायचो. माझ्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली शनिवारी चर्चमध्ये जाऊन फादरांना सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा.

तुम्ही 'तीन' लिहिलंत आणि लगेच हिशेब मांडलात. "तीन विती म्हणजे मृग निघेपर्यंत पुरतंय आपल्याला. मग असं कर, समोरची पोर बाळंत होऊन आलीय ना माहेरी? तिला रोज दोन घागरी देत जा. आणि त्या अकरांना विसरू नको."

आता मी काय करणार होते? खरं सांगून त्या बाळंतिणीचं पाणी तोडू? दोन घागरी दिल्या. तिसऱ्या दिवशी काठी कोरडी आली. मी आकडा खोटा सांगितला होता, आता तो पाण्याने भरून काढायला हवा होता.

मी गुणवंतरावांकडे गेले. गल्लीत त्यांचीच बोअर तेवढी अजून चालत होती. मला वाटलं होतं, टोमणा मारतील. ते म्हणाले, "वहिनी, दुपारी बाई झोपल्या की पाइप टाका. तासभर मोटर चालू ठिवतो. पोरी न्हाईतच आता हितं."

"हे बाईंना कळता कामा नये."

"म्या कशाला बोलू? आन् तुमच्याच खड्ड्यातलं हाय म्हणा. म्या काय पदरचं देऊन राहिलो का?"

दोन महिने आम्ही ते केलं. हौदात पाणी पडल्याचा आवाज तुमच्या खोलीत यायचा, म्हणून मी त्या वेळी मिक्सर लावायचे. तुम्ही एकदा विचारलंत, "एवढी चटणी कोण खातं गं?" मी शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची, मिळेल ती चटणी केली त्या उन्हाळ्यात. समोरच्या बाळंतिणीलाही डबा भरून दिली.

आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही वही दाखवलीत. "बघा, वैशाख संपत आला आणि हौदात अजून अडीच विती. नुसत्या छपराचं पाणी." शिक्षिका आल्या, गल्लीतल्या बायका आल्या, तुमच्या जुन्या विद्यार्थिनी लेकरं घेऊन आल्या. पलंगावर पडून तुम्ही त्यांना खड्ड्याचं माप सांगायचात. पुढच्या पावसाळ्याआधी चार-पाच घरांनी खड्डे घेतले. तुम्ही वॉकर धरून बघायला गेलात. इतक्या आनंदात मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ती गोष्ट सांगितलीत आणि मी बाजूला चहाचा ट्रे घेऊन हसत उभी राहिले.

एक विचारू? बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही. कुठल्या पाण्याचा चहा आहे हे घोटावर ओळखणाऱ्या तुम्ही, दोन महिने ती कच्ची डाळ खाल्लीत. एकदाच म्हणालात, "डाळ जुनी आणलीस वाटतं." तुम्हाला कळलं होतं का? कळलं असूनही वही दाखवत राहिलात का? तसं मानलं तर मला फार सोपं जाईल. म्हणून मी तसं मानत नाही. पण मग तुम्ही विचारलं का नाही, वन्सं? एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं.

तरी हे सगळं माझ्यासोबतच गेलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात मंगल येऊन गेली. लोह्याची मंगल, तुमची विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यात मागे बसायची ती. तिने तुमचं ऐकून लोह्याला सासरी हौद बांधला, सासूचा विरोध पत्करून. माझ्यासमोर बसून तिने पदराला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. म्हणाली, "काकू, माझा हौद चैत्र संपला की आटतो. दरवर्षी. बाईंचा आषाढापर्यंत पुरला होता. आमचं छप्पर तर तुमच्यापेक्षा मोठं हाय. माझं काय चुकतंय? बाई असत्या तर इचारलं असतं."

मी म्हटलं, "पन्हळ गळत असेल."

"तीनदा बदलली. सासूबाई म्हणत्यात, पन्हळ काढ अन् सोयाबीन भर त्यात. मीबी कटाळले आता."

वन्सं, तिचं काहीच चुकलेलं नाही. आपलाही हौद चैत्रातच आटला होता. चैत्रापर्यंत पुरला, हेच केवढं मोठं होतं. पण मी तो आषाढापर्यंत भरून दाखवला, आणि त्यापुढे तिचं खरं पाणी तिला अपयश वाटू लागलं. तेव्हासुद्धा मी तिला सांगितलं नाही. तिला चहा दिला, चटणीचा डबा भरून दिला आणि बसमध्ये बसवून दिलं.

काल गुणवंतराव आले. हातात ती पत्रिका. आता त्यांचीही बोअर आटली आहे. गल्लीत नव्या बोअर त्यांच्याहून खोल गेल्या. खुर्चीत बसून पाणी मागितलं.

"वहिनी, सांगू नका," ते म्हणाले. "लोकं म्हणतील बाईचं समदंच खोटं. हायेत ते खड्डेबी बुजवतील."

"आणि तुम्हाला खरं काय वाटतं? त्या वर्षी तुमची बोअर खरंच आमच्या खड्ड्याने टिकली होती?"

"म्या तसं म्हणलो खरं." त्यांनी पेला खाली ठेवला. "पर मला काय दिसतंय का खालचं? असंल. नसंलबी. मोठमोठ्या सायबांना न्हाई कळत."

"आता पाणी कुठून आणता?"

"चाकूरकडून टँकर. चुलत्याच्या हिरीवरनं. गावातल्या बाया कडंला घागरी घेऊन हुब्या अन् टँकर भरून हिकडं. मला दिसत न्हाई का वहिनी? पर पोरीचे आईबाप पहिलं इचारत्यात, पाणी चोवीस तास हाय का? मास्तर कोण, हे नंतर. न्हाई म्हणलो तर म्होरच्या दारात जात्यात. म्या एकट्यानं काय थांबवू?"

तो प्रश्न मी किती वर्षं मनात ठेवला होता! त्यांच्या तोंडून तो ऐकला आणि मला त्यांचा राग आला नाही. आम्ही दोघंही एकाच ठिकाणी अडकलोय, ते गच्चीच्या बाजूने आणि मी खड्ड्याच्या. आपण बोअर घेतली नाही, पण घागर त्यांच्या बोअरची प्यायलो. ते टँकर आणतात, पण त्या दुपारी एका बाळंतिणीला पाणी त्यांनीच दिलं. यातलं कुणाचं पाणी स्वच्छ म्हणायचं, ते मला सांगता येत नाही.

मी त्यांना मंगलची गोष्ट सांगितली. ती ऐकून ते म्हणाले, "तिला गुपचूप सांगा की मग. सभेत कशाला?"

"तिच्यासारख्या आणखी किती असतील, मला काय माहीत? पत्रिकेवर ती ओळ छापलीय, गुणवंतराव. शाळेतल्या सगळ्या मुली ती घरी नेतील. त्यांच्या आया हौद बांधतील आणि चैत्रात काठी कोरडी आली की स्वतःला दोष देतील."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "माझं नाव घ्यावं लागंल तुम्हाला."

"घेऊ का?"

"घ्या. बोअरवाला म्हणून तरी लोकं ओळखतील. आता तर तीबी ऱ्हायली न्हाई."

त्यांच्या मागे मी दार लावलं नाही, तशीच उभी राहिले. चार मजल्यांच्या मध्ये आपलं बैठं घर, दुपारी दोन वाजता सावलीत गेलेलं. कुठूनही बाहेर पडले तरी कुणाला तरी लागणारच होतं. मग जिचं काहीच चुकलं नाही, तिला तरी का लागावं?

तर मी वचन देते, वन्सं. रविवारी मी उभी राहीन आणि सांगेन: त्या वर्षी छपरावरचं पाणी चैत्र संपेपर्यंत पुरलं. पुढचे दोन महिने शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी होतं, शहराला रेल्वेचं होतं, आणि ते सगळं धरूनसुद्धा पुरत नव्हतं. एका घराच्या छपराने उन्हाळा निघत नाही. चैत्रापर्यंत मात्र निघतो. हे सगळं बाईंना माहीत नव्हतं, खोटा आकडा माझा होता. एवढंच सांगेन. लोक खड्डे बुजवतील की ठेवतील, मला माहीत नाही. तुमच्या नावाची पाटी त्यांनी काढून घेतली, तर मला माफ करा.

तुमच्या वस्तू इतके दिवस कपाटात तशाच आहेत. त्यांचंही आता ठरवलं.

नारायणपेठी दोन्ही मुक्ताला. ती नेसणार नाही, पण तिलाच. भूगोलाचे नकाशे शाळेला, तो फाटका महाराष्ट्रसुद्धा. पाऊस मोजायचं भांडं गुणवंतरावांना. गच्चीवर ठेवतो म्हणालेत. पाइपबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. घड्याळ मी ठेवते. बाकीच्या सगळ्या वह्या शाळेला, नोटीस चिकटवलेलीसुद्धा.

त्या उन्हाळ्याची वही मंगलला. खरी ओल मी तेव्हा कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या खुणांखाली टिपत होते. ते कॅलेंडर मी टाकलं नव्हतं. आज दिवसभर बसून तुमच्या प्रत्येक आकड्याशेजारी माझ्या हाताने खरा आकडा लिहिला. तुमचं अक्षर कुठेही खोडलं नाही. वही कुरिअरने पाठवत नाही. उद्या सकाळच्या बसने मी स्वतः लोह्याला जाते आहे. तिने हे रविवारी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नये.

तुमची,
अनुराधा